बूड कोरं दिसलं की पाजा

आमच्या धंद्यात मे महिन्याइतका खडूस इन्स्पेक्टर दुसरा नाही. सरकारी इन्स्पेक्टर यायचा असला की चार दिवस आधी कुणकुण लागते, फरश्या धुतल्या जातात, कामगारांना धुतलेले डगले मिळतात. मे महिना न सांगता गोदामात शिरतो, पत्र्याखालच्या एकेका बाटलीची झडती घेतो आणि हिवाळ्यात आपण कुठे कसर ठेवली होती ते बरोबर बाहेर काढतो.

नगरच्या एका छोट्या औषध कारखान्यात मी केमिस्ट होते. कारखाना कधीच बंद झाला, मालकही गेले, तेव्हा नाव घेण्यात अर्थ नाही. आता सावेडीत माझ्यासोबत सकाळी फिरायला येणाऱ्या बायका विचारतात, "तुम्ही काय, गोळ्या बनवायच्या का?" मी म्हणते, "नाही, मी औषध लोंबकळत ठेवायचे." मग त्या माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

पण कामच ते होतं. मीठ पाण्यात टाकलं की विरघळतं, दिसेनासं होतं. खडूची पूड टाकली तर विरघळत नाही. ढवळलं की पाणी दुधासारखं होतं आणि जरा वेळाने सगळी पूड तळाशी. कितीतरी औषधं या खडूच्या जातीची असतात. ती पातळ करून लहान मुलांना पाजायची तर पूड पाण्यात अधांतरी राहिली पाहिजे. निदान बाटली हलवून चमचा भरेपर्यंत तरी. त्यासाठी पाण्याला दाटपणा आणायचा. साखरेचा पाक, डिंक, असलं काहीबाही घालून. दाट पाण्यात पूड सावकाश खाली जाते. पण फार दाट केलं तर बाटलीतून बाहेर येत नाही, आणि आई बाटलीच्या बुडावर थपडा मारत बसते. पळीवाढं हवं, पण नेमकं पळीवाढं. माझ्या टेबलावर बुडाला भोक पाडलेला पितळी पेला होता. त्यातून औषध गळायला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून बघायचे. पुढे मोठमोठी यंत्रं आली, पण त्या पेल्याने मला कधी फसवलं नाही.

उष्णतेचं आणि दाटपणाचं नातं कोणत्याही सुगरणीला माहीत असतं. काकवी थंडीत हलत नाही आणि उन्हात धावत सुटते. औषधाचंही तसंच. उन्हाळ्यात ते पातळ होतं आणि पूड भराभर खाली बसते. एवढ्यावर भागलं असतं तर मे महिन्याला मी घाबरले नसते, कारण गार झालं की दाटपणा परत येतो. पण आठवडेच्या आठवडे तापत राहिलं की डिंकाचा जीवच जातो. मग तुम्ही ते बर्फात ठेवा, दाटपणा म्हणून येत नाही. शिवाय दिवसा तापायचं, रात्री निवायचं, असं चाललं की पुडीतले बारीक कण नाहीसे होतात आणि जाडे कण आणखी जाडे होतात. माणसांत चालतं तेच. तळाशी या जाड्या कणांची अशी पेंड बसते की चमचाही रुतत नाही.

उलट्या खोपडीचे पदार्थही असतात. एकदा मालकांनी डिंकाऐवजी एक नवी परदेशी पावडर आणली. ती तापवली की घट्ट होते आणि गार केली की पातळ. मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. पण आमचा ऑपरेटर दगडू हा डिंकात मुरलेला माणूस. त्या दिवशी हौदातलं औषध त्याला पातळ वाटलं, म्हणून त्याने सवयीने वाफ सोडली. थोड्या वेळाने तो पळत आला.

"बाई, बाई, कढी फुटली!"

जाऊन बघते तर हौदात पांढरे गोळेच गोळे. मालक कपाळाला हात लावून उभे. मी वाफ बंद केली आणि म्हटलं, "कोणी हात लावू नका, जेवायला जा." संध्याकाळपर्यंत हौद निवला आणि औषध मलईसारखं एकजीव झालं. दगडू मला त्यानंतर काही दिवस मांत्रिकच समजत होता, आणि मीही त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. ती पावडर महाग होती आणि मिळायची मारामार. त्यामुळे आम्ही पुन्हा डिंकावर आलो. ती परवडली असती तर पुढची गोष्ट कदाचित घडली नसती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मिरजगावच्या बाजूला रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. बाया-माणसं खडी फोडत होती आणि त्यांची पोरं पालांत, बाभळीच्या सावलीत पडलेली असायची. टँकरचं पाणी मातकट. पोरांना हगवण लागली. कामावरच्या दवाखान्यासाठी आमच्याकडून सल्फाचं पांढरं औषध गेलं होतं, पेंढा भरलेल्या खोक्यांतून, मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत. आणि मेच्या मध्यावर तिथल्या डॉक्टरांचा निरोप आला. तुमच्या औषधाने एकाही पोराला गुण नाही. हे औषध नाही, पाणी आहे. सगळा माल परत न्या.

मालकांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"साळवेबाई, खरं सांगा. पावडर कमी पडली का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "शेठ, कमी पडली असती तर मी तो हौद बाटलीत भरूच दिला नसता." आणि तडक प्रयोगशाळेत गेले. प्रत्येक हौदातलं थोडं औषध आम्ही कपाटात राखून ठेवायचो. ते तपासलं. ताकद पुरेपूर. मनात म्हटलं, बाईसाहेब, औषध खरं आहे आणि पोरं बरी होत नाहीत हेही खरं आहे. म्हणजे कारखाना आणि पोराचं तोंड यांच्यामध्ये कुठेतरी औषध हरवतंय. ताजा माल पाठवावा तर कच्ची पावडर मुंबईहून यायची होती. मी पेला, काचेच्या नळ्या आणि घड्याळ पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या जीपमध्ये बसले. एकट्या बाईला त्या रानात कसं पाठवायचं म्हणून मालक घुटमळले. मी म्हटलं, "औषध माझं आहे."

दवाखाना म्हणजे पत्र्याची शेड. आत पाऊल टाकलं आणि कपाळावर झळ आली. टेबलामागे कंपाउंडर उभे होते. मिरजगावचेच, पन्नाशीचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे. पांढरंशुभ्र धोतर, स्वच्छ हात, कापलेली नखं. मी कितीतरी दवाखाने पाहिले, पण इतका टापटिपीचा कंपाउंडर पाहिला नाही. रोग्यांनी आणलेल्या बाटल्या ते चुन्याच्या निवळीने विसळत, उपड्या घालत, आणि कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी प्रत्येकीवर चिकटवत. एक खाच म्हणजे एक वेळचा डोस. पट्ट्या अशा सरळ की फूटपट्टी लावून बघावं.

टेबलासमोर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. हौसाबाई तिचं नाव. पोरगं दोन वर्षांचं, शिवा. त्याचे डोळे खोल गेले होते आणि ते रडतसुद्धा नव्हतं. रडणाऱ्या पोराची मला कधी भीती वाटत नाही. न रडणाऱ्याची वाटते.

"धा दिस झालं औशीद पाजतीया," हौसाबाई म्हणाली. "डागदर म्हंत्यात औशीदच खोटं हाय. व्हय का वं बाई?"

पण माझं लक्ष नानांच्या हाताकडे गेलं होतं. त्यांनी बरणी जराही न हलवता, दुधावरची साय काढावी इतक्या अलगद पळी बुडवली. वरचं जवळजवळ नितळ पाणी घेतलं. चौपदरी पांढऱ्या फडक्यातून ते गाळलं आणि हौसाबाईच्या बाटलीत भरलं. बरणीच्या तळाशी चार बोटं पांढरा थर तसाच.

"नाना," मी म्हटलं, "खालचा साका काय करता?"

"टाकतो की. घान कशाला ठिवायची?"

"कुठे टाकता?"

त्यांनी मागच्या दाराकडे हात केला. मी बाहेर गेले. शेडमागे एक लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी जमीन पांढरी झाली होती, वाळलेल्या चुन्यासारखी. माझं औषध तिथे होतं. पोरं पालांत पडली होती आणि झाडाला डोस चालला होता.

मी तावातावाने परत आले. मला राग लवकर येतो. मी म्हणाले, "बरणीवर लिहिलंय, हलवून वापरा. वाचता येतं ना तुम्हाला?"

नानांनी मान वर केली. "येतंय की बाई. पैल्याच दिशी समद्या बरन्या हलवल्या. दोगादोगांनी धरून हलवल्या. मंग निवळू दिल्या."

"निवळू का दिल्या?"

"आता का! डॉक्टरसायबांनीच तर समद्यांना शिकिवलंया. टँकरचं पानी गढूळ आसतंय, ते निवळू द्या, वरचं घ्या, फडक्यानं गाळा, खालचा गाळ टाका. आमी पालापालांतनं सांगत फिरलो. मंग औषध गढूळ कसं पाजायचं लेकरास्नी?"

 गावभर जी शिकवण दिली होती, आणि चांगली शिकवण होती, तिच्यामुळे पोरं वाचत होती, तीच या माणसाने निगुतीने औषधाला लावली होती. आळशी कंपाउंडर असता तर त्याने बरणी धसमुसळेपणाने उपडी केली असती आणि थोडंतरी औषध पोरांच्या पोटात गेलं असतं. आणि हिवाळा असता तर औषध दाट राहिलं असतं, निवळलंच नसतं, आणि नानांना पळीभर तरी पांढरं औषध मिळालं असतं. पण त्या पत्र्याखाली ते पाण्यासारखं पातळ झालं होतं. माझं औषध गढूळ पाण्यासारखं दिसत होतं आणि गढूळ पाण्यासारखंच वागत होतं. नानांनी ते पाणी समजावं यात नवल काय?

मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, "नाना, तो गाळ नाही. तेच औषध आहे. वरचं आहे ते नुसतं पाणी."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता नुसतं "हलवून द्या" म्हणून जीपमध्ये बसता आलं असतं. तिथेच खरा धोका होता. तळाशी पेंड बसलेली. अर्धवट हलवलेल्या बरणीतून पहिल्या पोराला पाणी मिळालं असतं आणि शेवटच्याला चमचाभरात सगळी पूड. ते पहिल्या चुकीपेक्षा वाईट. आधी बरण्या गार करायला हव्या होत्या. पाणी तर प्यायला नव्हतं, ओली पोती कुठून आणणार? नाना म्हणाले, "माझ्या घरी पेव हाय. जवारीच न्हाई तर मोकळंच पडलंया." धान्याचं ते जमिनीतलं तळघर उघडून आधी कंदील खाली सोडून हवा पाहिली. ज्योत नीट जळली. मग बरण्या जीपमधून नेऊन दोराने खाली सोडल्या. दुपारभर त्या तिथे निवल्या, मग वर काढून शेडमध्ये आणल्या. नानांच्या घरातून रवी आणली. ताक कुणाकडेच नव्हतं, रवी बिचारी खुंटीला लटकून कंटाळली होती. आम्ही आळीपाळीने घुसळायला बसलो. बोटाच्या चिमटीत औषध घेऊन मी रवा लागतो का बघत होते. एका बरणीतली पेंड काही केल्या फुटेना, कण वाळूसारखे झाले होते. ती मी बाजूला ठेवली.

"ही नाही चालणार."

"भरलेली बरनी हाय, बाई!"

"भरलेली असली तरी नाही."

बाकीच्यांची परीक्षा सोपी होती. घुसळल्याबरोबर बरणीच्या वरून एक नळी भरायची, तळातून एक, आणि दोन्ही शेजारीशेजारी उभ्या ठेवायच्या. दोन्हींत सारखा साका बसला तर औषध सगळीकडे सारखं. उकाड्याचा तेवढा एक उपकार, साका लवकर बसत होता. डॉक्टर आले तेव्हा नळ्या तयार होत्या. ते तरुण होते, दमलेले होते आणि माझ्यावर आधीच चिडलेले होते. मी त्यांच्यापुढे नानांनी गाळलेली बाटली ठेवली आणि शेजारी त्या नळ्या. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरून पाहिली.

"निवळू द्या म्हणून मीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"पाण्याबद्दल सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं," मी म्हटलं. "आता याचं सांगा. बरण्या पेवातच राहू देत. लागेल तसं घुसळून काढायचं. आठवड्याचं औषध एकदम द्यायचं नाही, एका दिवसाचंच. डिंकाचा जीव गेलाय, बाटलीत ते फार वेळ लोंबकळणार नाही."

त्यांनी शिवाला मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली होतीच, जोडीला आता औषध लिहिलं. मी हौसाबाईजवळ बसले. तिला घड्याळ, पेला, डिंक काय सांगणार? मी बाटली हलवली आणि उपडी धरली, बूड आभाळाकडे.

"हे बघ. बुडाला पांढरं चिकटलंय?"

"व्हय."

"मग अजून हलव." तिने हलवली. "आता?"

"आता न्हाई. कोरं हाय."

"मग पाज. दर वेळी असंच. बूड कोरं दिसलं की पाजायचं, तोवर नाही."

तिने शिवाला पहिला चमचा पाजला. त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीकसा रडला. मला इतका आनंद झाला की मी उठून शेडबाहेर गेले.

नाना लिंबाखाली उभे होते. पायाशी ती पांढरी जमीन. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, गेल्या आइतवारी एक पोर गेलं. मीच त्याला बाटली दिल्ती. हे औषध पोटात गेलं आसतं, तर वाचलं आसतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही नाना, ते वाचणारच नव्हतं," असं. पण माझा धंदा खरं-खोटं तपासण्याचा. मी म्हटलं, "माहीत नाही, नाना. पोरं पाणी आटून जातात, एकट्या औषधाने वाचतातच असं नाही. पण माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. त्या वेळी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. ती रीत नव्हती म्हणून ठेवला नाही. अजून चुटपुट लागते.

नगरला परतल्यावर मालकांशी जंगी भांडण झालं. मला बरणीवर ठळक मराठीत छापायचं होतं: "पांढरा साका हेच औषध आहे. तो टाकू नये. बूड कोरं दिसेपर्यंत हलवावे." मालक म्हणाले, "साका? अहो, आपल्याच औषधाला साका म्हणायचं? गिऱ्हाईक म्हणेल माल नासका आहे." मी म्हटलं, "शेठ, 'हलवून वापरा' हे नानांनी वाचलं आणि हलवलंसुद्धा. कशासाठी ते आपण सांगितलं नाही." ते ऐकेनात. शेवटी मी त्यांना विचारलं, "तुमच्या नातवाची बाटली नानांसारखा नेटका माणूस भरत असता, तर काय छापलं असतंत?" त्यांनी चिडून कागद माझ्याकडे ढकलला. छापून आलं तेव्हा अक्षरं मी सांगितली होती त्यापेक्षा मोठी होती. पुढे उन्हाळी मालासाठी डिंकाचं प्रमाण मी वेगळं ठरवलं आणि नवा माल बाजारात जाण्याआधी पत्र्याखाली तापवून बघायचा नियम केला. मे महिन्याला औषधाचा जो कपाळमोक्ष करायचा तो त्याने आमच्याच गोदामात करावा, मिरजगावात नको.

पाऊस झाला, काम बंद झालं, पालं उठली. पुढच्या हिवाळ्यात कर्जतला जाताना मी मिरजगावला मुद्दाम उतरले. नाना आता गावातल्या डॉक्टरांकडे होते. मला बघून त्यांनी आधी चहा मागवला आणि मगच बोलले. हौसाबाईचा शिवा आता घरभर धावतो, आणि ती बाई घासलेटाची बाटलीसुद्धा उपडी करून बघते म्हणे. आम्ही पोट धरून हसलो.

तेवढ्यात एक म्हातारा खोकल्याचं औषध घ्यायला आला. नानांनी लाल औषध बाटलीत भरलं, खाचांची पट्टी सरळ चिकटवली आणि बाटली हलवायला लागले. खूप वेळ हलवली. मग उपडी धरून दाराच्या उजेडात तिचं बूड निरखलं. ते लाल औषध काचेसारखं नितळ होतं, त्यात पूड नव्हतीच.

म्हातारा गेल्यावर मी हळूच म्हटलं, "नाना, हे विरघळलेलं औषध आहे. हे नाही हलवलं तरी चालतं."

"ठावं हाय, बाई," नाना म्हणाले आणि त्यांनी पुढची बाटली हातात घेतली. "पर हलिवल्याबिगर द्यायला हातच हुईना."